शुककूटावर बसकण

वेल्समधल्या क्रीब गोख नावाच्या डोंगराच्या धारेवर मी घोड्यावर बसावं तशी दोन्हीकडे पाय सोडून बसले होते. डाव्या पायाखाली उतार आणि त्याच्या तळाशी निळसर तळं. उजव्या पायाखाली काही नाही. म्हणजे असणारच काहीतरी, पण ते बघायला वाकावं लागलं असतं. ही बसकण काही हौसेनं मारलेली नव्हती, पाय उभं राहायला तयार नव्हते. पुढे दहा-बारा फुटांवर भाचा, एक हात कमरेवर, बसची वाट बघत असावा तसा उभा. मागे सहा-सात माणसं खोळंबलेली. आणि भाचा अगदी प्रेमानं सांगत होता, "मावशी, तू फक्त खाली बघू नको."

हे वाक्य माझंच होतं. वीसेक वर्षं सह्याद्रीत लोकांना घेऊन हिंडताना मी ते खिरापतीसारखं वाटलंय. कातळटप्प्यावर कुणी थिजलं की वर उभं राहून ओरडायचं, "खाली बघू नकोस, काही होत नाही!" एकदा एक मुलगी त्यावर रडायला लागली. मी काय केलं? घड्याळात बघितलं. अंधार पडायच्या आत उतरायचं होतं, हे खरं, पण तिनं मला घड्याळ बघताना बघितलं, हेही खरं.

तर वेल्स. चार दिवसांसाठी गेलो होतो, त्यातले तीन पावसात गेले आणि त्यांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. तक्रार करायलाही तोंड नाही, कारण क्रीब गोख हीच मुळी ब्रिटनमधल्या सर्वांत जास्त पावसाच्या जागांपैकी एक. वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त. चौथ्या दिवशी सकाळी भाच्यानं फोनवर डोंगरमाथ्यावरच्या वाऱ्याचा अंदाज बघितला आणि म्हणाला, "आजच." पाऊस आणि वारा दोन्ही असताना त्या धारेवर जायचं नाही, एवढी अक्कल दोघांनाही होती.

अर विद्वा, ज्याला इंग्रज स्नोडन म्हणतात, ते वेल्समधलं सर्वांत उंच शिखर. (तिथल्या राष्ट्रीय उद्यानानं २०२२ मध्ये वेल्श नावंच वापरायचं ठरवलं, म्हणून मीही तेच वापरते. उच्चार चुकत असेल तर वेल्श लोकांची माफी.) उंची १०८५ मीटर. आकडा ऐकून मी मनातल्या मनात नाक मुरडलं होतं, आपलं कळसूबाई १६४६. शिखरावर जायला साध्या मळलेल्या वाटा आहेत, आगगाडीसुद्धा आहे. पण भाच्याला जायचं होतं ते पूर्वेकडच्या धारेवरून, क्रीब गोखवरून. वेल्शमध्ये क्रीब म्हणजे धार किंवा तुरा आणि गोख म्हणजे लाल. हात-पाय दोन्ही लावून चढायच्या वाटांना ब्रिटनमध्ये एक ते तीन अशी श्रेणी देतात. ही पहिल्या श्रेणीची, म्हणजे सर्वांत सोपी. या 'सोपी'वर माझा अजून राग आहे. ती श्रेणी पकडी किती कठीण आहेत ते सांगते. पकड सुटली तर पुढे काय, ते सांगत नाही.

पेन-अ-पासच्या खिंडीत बसमधून उतरून दगडी पायवाटेनं निघालो. तासाभरात बुल्ख अ मोख नावाची खिंड लागते, डुकरांची खिंड असा त्याचा अर्थ. तिथे वाट फुटते. बहुतेक लोक सरळ आडव्या वाटेनं जातात, उजवीकडे वर चढणारे थोडे. तिथून धारेपर्यंतची चढण मला मनापासून आवडली. हा कातळ ज्वालामुखीतूनच आलेला, पण आपल्या बसाल्टहून कितीतरी जुना, आणि कोरडा असला की बुटाला असा धरतो की बस. पकडी मुठीत मावतील अशा. मुरुमाचा घसारा नाही, वाळक्या गवतावरून घसरणं नाही. दोन हात, दोन पाय, त्यांतले तीन कायम कातळावर, हलवायचा एकच. मी भाच्याच्या पुढे होते आणि वर पोचताना चक्क गुणगुणत होते.

मग चढ संपला आणि पुढे ती धार दिसली.

शाळेत भूगोलात 'शुककूट' पाठ केलं होतं. दोन हिमनद्या डोंगर दोन्ही अंगांनी कोरत जातात, मध्ये उरते ती करवतीसारखी कड म्हणजे शुककूट. आकृती काढली की दोन गुण. मी आकृती सुबक काढायचे. त्या आकृतीवर माणूस काढायची वेळ कधी आली नव्हती. क्रीब गोख ९२३ मीटरवर आहे आणि तिथून पश्चिमेकडे ती कड जवळजवळ सपाटच जाते, चढ नाही की उतार नाही. रुंदी काही ठिकाणी हातभर. उत्तरेला कडा. दक्षिणेला उतार, पण असा की गडगडायला लागलं तर तळ्यापर्यंत थांबायचं कारण नाही.

आपल्याकडे ट्रेकर मंडळींत यासाठी नेमका शब्द आहे, दृष्टिभय. मी तो हजारदा वापरलाय, "वाट सोपी आहे, थोडं दृष्टिभय आहे" असा, जणू तोंडी लावायला. त्या दिवशी त्या शब्दातली 'दृष्टी' कळली. आपण सरळ उभे आहोत हे शरीराला तीन ठिकाणांहून कळतं, कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाकडून, तळपायांकडून आणि डोळ्यांकडून. डोळ्यांना त्यासाठी जवळचं काहीतरी स्थिर लागतं, भिंत, झाड, शेजारचा माणूस. उभा माणूस सतत किंचित हलत असतो आणि त्या जवळच्या वस्तूवरून डोळे ते हलणं टिपतात. सगळंच लांब गेलं की डोळ्यांना काही कळेनासं होतं, बाकीचे दोघं काहीतरी वेगळंच सांगतात, आणि माणूस खरोखरच जास्त डुलायला लागतो. हे मी नंतर वाचलं. तेव्हा एवढंच कळत होतं की तळं हलतंय.

सुरुवात डाव्या पायापासून झाली. कडेच्या जराशा खाली, दक्षिण बाजूला, वीतभर रुंदीची पायरी होती. तिथे डाव्या चवड्यावर उभी राहून मी पुढची पकड शोधत होते. पोटरी थरथरली. मग पाय असा उडायला लागला की बुटाचा कातळावर टकटक आवाज यायला लागला. मी कातळाला पोट चिकटवलं, तर पाय आणखी सटकायला लागले. कसंबसं वर सरकून कडेवर टांग टाकली आणि बसले. हातमोजे नव्हते. उजव्या तळहाताखाली पांढऱ्या गारगोटीची एक रेघ होती, बोटाएवढी रुंद, मध्ये तुटलेली. ती रेघ मी अजून काढून दाखवू शकेन.

आता खरी कबुली. मी पडेन असं मला वाटत होतंच, पण त्याहून जास्त मागच्या रांगेचं ओझं होतं. आपल्यामुळे लोक थांबलेत! इतकी वर्षं मी रांगेच्या पुढच्या टोकाला असायचे. मधल्या माणसाला पुढून-मागून किती नजरा टोचतात याचा मला पत्ताच नव्हता. भाचा तिसऱ्यांदा म्हणाला, "मावशी, खाली नको बघू." मी खेकसले, "अरे, खाली बघितल्याशिवाय पाय कुठे ठेवू?" त्याच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही वीस वर्षांत नव्हतं.

मागून एक बाई पुढे आली. साठीची तरी असेल, विटक्या निळ्या जाकिटातली. माझ्यापासून चार फुटांवर तीही खाली बसली, माझ्यासारखीच टांग टाकून. घाबरू नका वगैरे काही म्हणाली नाही. एवढंच विचारलं, "कोणता पाय?"

"डावा."

"टाच खाली टाकायची. चवड्यावर उभं राहिलं की उडतो. याला शिलाई मशीनचा पाय म्हणतात, सगळ्यांचा होतो."

मग म्हणाली, आता निघायची घाई नको, आधी मागच्यांना जाऊ देऊ. आणि रांगेला तिनं हातानं खूण केली. ती माणसं एकेक करून आमच्या खालच्या पायरीवरून, आमच्या गुडघ्यांना जवळपास घासून, पुढे गेली. कुणी त्रासिक दिसलं नाही. एकानं हसून मान हलवली. ज्या रांगेनं माझा जीव अर्धा केला होता ती दोन मिनिटांत संपली.

रांग गेली तशी तिनं पुढचं सांगितलं, एका वेळी एकच गोष्ट. उजवा पाय इकडे आण. पायरीवर ठेव, टाच खाली. कड कठड्यासारखी दोन्ही हातांनी धर. पोट कातळापासून लांब, वजन पायावर. आता हातापुरतं बघ, पुढच्या पकडीपर्यंत. "तो दगड हलत नाही, मी गेल्या महिन्यात धरलाय," असंही एकदा म्हणाली. त्या वाक्यानं मला जेवढा धीर आला तेवढा कुठल्याही शाबासकीनं आला नसता.

किती वेळ लागला माहीत नाही. भाचा म्हणतो वीस मिनिटं, मी म्हणते जास्त. भीती गेली का? नाही. टाच टेकलेली असली की ती जरा बाजूला उभी राहायची, चवड्यावर गेले की परत यायची. पुढे धारेवर तीन सुळके लागतात, ते वरवर बघता जास्त भयंकर, पण मला ते सोपे गेले, कारण समोर धरायला, बघायला काहीतरी होतं. ती बाई पहिल्या सुळक्यापाशी पुढे निघून गेली. तिचं नाव विचारायचं राहिलं.

तिथून गार्नेद उगाइन या शेजारच्या शिखरामार्गे मुख्य शिखरापर्यंत अजून बरंच चाललो, थोडी चढाईही आहे, पण मला त्यातलं काही आठवत नाही. शिखराबद्दल मात्र बोलायचंय. अर विद्वाच्या माथ्यावर जत्रा असते. आगगाडी १८९६ पासून माणसं वर आणून सोडतेय. शेवटच्या दगडी चौथऱ्यावर फोटो काढायला रांग होती, आणि त्या दिवशी कुठल्याही रांगेत उभं राहायची माझी तयारी नव्हती. भाचा म्हणाला, "एवढं येऊन फोटो नाही?" त्याच्या फोनमध्ये माझा एक फोटो आधीच होता, धारेवर बसलेला. तो त्यानं न विचारता काढला होता यावरून आमचं उतरताना अर्धा तास वाजलं.

उतरलो खाणकामगारांच्या जुन्या वाटेनं. तांब्याच्या खाणी होत्या तिथे, वरच्या तळ्याचा हिरवा-निळा रंग त्यातूनच आलेला. खालच्या तळ्यावर १८५३ मध्ये बांधलेला दगडी बांध आहे, त्यावर थांबून मागे वळले. क्रीब गोख पूर्ण दिसत होती, आभाळावर ओढलेली दातेरी रेघ. तिच्यावर ठिपके सरकत होते. एक सरकत नव्हता.

उभा होता की बसलेला, एवढ्या लांबून कळायला मार्ग नव्हता. बाकीचे ठिपके त्याच्यापाशी येऊन अडत होते. भाच्याला बस गाठायची होती. त्यानं घड्याळात बघितलं, मग माझ्याकडे बघून हात मागे घेतला. आणखी पाचेक मिनिटं थांबलो. आम्ही निघालो तेव्हा ठिपका तिथेच होता.