रत्नागिरी, मुंबई, मडगाव : कोणत्या स्थानकावर चढावे, कुठे उतरावे

कोकणातून मुंबईला निघालेला माणूस कोणत्या गाडीने जायचे याचा बारकाईने विचार करतो, पण कोणत्या स्थानकावर उतरायचे याकडे सहसा लक्ष देत नाही. आरक्षण मिळाले की काम फत्ते झाले, अशी आपली समजूत असते. तरुण, सडाफटिंग प्रवाशाचे त्यात फारसे बिघडत नाही. परंतु सोबत म्हातारे माणूस, लहान मूल किंवा तांदळाची पिशवी आणि फणसाचे ओझे असले, की प्रवासातला सर्वांत कठीण भाग गाडीत नसतो, तर गाडीतून उतरल्यानंतरच्या अर्ध्या तासात असतो, हे लगेच कळून येते. गेल्या हिवाळ्यात आम्ही उभयता आईला घेऊन रत्नागिरीहून मुंबईला, तेथून ठाण्यामार्गे मडगावला आणि मडगावहून परत रत्नागिरीला असा प्रवास केला. आईचे वय ऐंशीच्या घरात आहे, तिचे दोन्ही गुडघे दुखतात आणि जिना दिसला की ती आधी कठड्याकडे पाहते. त्यामुळे प्रत्येक स्थानकाकडे मी एकाच दृष्टीने पाहत गेलो : डब्याच्या दारापासून रिक्षा-टॅक्सीच्या दारापर्यंत तिला किती चालावे लागते, किती चढावे लागते आणि किती जणांना विचारावे लागते. पुढील तुलना याच कसोटीवर केलेली आहे; ज्यांचे प्रवासी धडधाकट आहेत, त्यांचा क्रम कदाचित वेगळा लागेल.

सुरुवात रत्नागिरीपासून करतो, कारण आपल्या घरचे स्थानक म्हणून आपण त्याच्याकडे नीट पाहतच नाही. हे स्थानक शहरात नाही, कुवारबावच्या बाजूला आहे, आणि एसटी स्टँडपासून तेथे पोहोचायला वाहन लागतेच. मुंबईकडे जाणारी कोकणकन्या एक्सप्रेस रत्नागिरीला रात्री येते. त्या वेळी रिक्षा ऐनवेळी मिळेल या भरवशावर न राहता दुपारीच सांगून ठेवावी. दुसरी गोष्ट डब्याच्या जागेची. बावीस डब्यांची गाडी अर्ध्या किलोमीटरहून लांब असते, आणि आपला डबा फलाटाच्या कोणत्या टोकाला लागणार हे आधी माहीत नसेल, तर गाडी आल्यावर सामान आणि म्हातारे माणूस घेऊन धावण्याची पाळी येते. फलाटावर डब्यांचे क्रमांक दाखवणारे फलक असतील तर ते पाहावेत, नसतील तर स्टॉलवाल्याला किंवा हमालाला विचारावे; रोज त्याच गाड्या पाहणारी ही माणसे डब्याची जागा बिनचूक सांगतात. रत्नागिरीला गाडी काही मिनिटे तरी थांबते, परंतु लहान स्थानकांवर थांबा जेमतेम दोन मिनिटांचा असतो, तेव्हा तेथून चढणाऱ्यांनी ही चौकशी टाळूच नये.

पहाटे आम्ही छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरलो. मुंबईच्या सर्व मोठ्या स्थानकांत मी या स्थानकाला पहिला क्रमांक देतो, आणि तो केवळ इमारतीच्या सौंदर्यासाठी देत नाही. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी रेखाटलेली, १८८७ साली व्हिक्टोरिया टर्मिनस या नावाने खुली झालेली आणि २००४ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेली ही वास्तू पाहण्यासारखी आहेच. पण प्रवाशाच्या दृष्टीने तिचा मोठा गुण असा की येथे रूळ संपतात. अठराही फलाटांची टोके एकाच सपाट जागेत येऊन मिळतात, त्यामुळे लांब पल्ल्याच्या गाडीतून उतरलेल्या माणसाला रस्त्यावर येईपर्यंत एकही पायरी चढावी लागत नाही. पहिले सात फलाट लोकलचे आहेत आणि आठपासून अठरापर्यंतचे मेल-एक्सप्रेसचे. एका भागातून दुसऱ्या भागात जायलाही पूल ओलांडावा लागत नाही. आईने डब्यातून खाली पाऊल ठेवले, माझ्या दंडाला धरून ती सावकाश चालत राहिली आणि मध्ये एका बाकावर टेकून छताकडे पाहत तिने आपली गुडघ्याची पट्टी सारखी केली. टॅक्सीत बसेपर्यंत तिने एकदाही ‘अजून किती’ असे विचारले नाही, आणि आमच्या घरात याहून मोठे प्रशस्तिपत्र नाही.

येथे एक बारकावा लक्षात ठेवण्याजोगा आहे. मुंबईत येताना इंजिनाच्या मागचे डबे बाहेर पडण्याच्या वाटेला सर्वांत जवळ असतात आणि शेवटचे डबे सर्वांत दूर. मुंबईहून निघताना हे नेमके उलटे होते. ज्यांना चालणे जमत नाही त्यांचा डबा मागे असेल, तर उतरण्यापूर्वीच हमालाची किंवा चाकांच्या खुर्चीची सोय मनात ठरवून ठेवावी, कारण त्या टोकापासूनचे अंतर सपाट असले तरी पुष्कळ आहे. बाहेर पडल्यावर शहरात जाणाऱ्यांना टॅक्सी किंवा बस आहे. भुयारी मेट्रोची तीन क्रमांकाची मार्गिका २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाल्यापासून येथून थेट विमानतळाकडे जाण्याचीही सोय झाली आहे. उपनगरात जाणाऱ्यांना पहाटेची वेळ अनुकूल असते, कारण सकाळची गर्दी दक्षिणेकडे येत असते आणि आपण उत्तरेकडे जाणाऱ्या, तुलनेने मोकळ्या लोकलमध्ये बसतो. संध्याकाळी हे गणित उलटते, आणि तेव्हा सामानासह लोकलमध्ये शिरण्याचा विचारही करू नये.

मग दादरला उतरूच नये काय? तसे मी म्हणणार नाही. परळच्या रुग्णालयांत जाणाऱ्या आपल्याकडच्या असंख्य कुटुंबांना दादरच जवळचे आहे. पश्चिम रेल्वेच्या उपनगरांत, म्हणजे अंधेरी, मालाड, बोरिवलीकडे, ज्यांचे नातेवाईक आहेत त्यांनाही मध्य आणि पश्चिम या दोन्ही मार्गांना जोडणारे हेच स्थानक सोयीचे पडते. अडचण आहे ती रचनेची. दादरला रूळ संपत नाहीत, गाड्या आरपार जातात. म्हणून बाहेर पडायला बहुतेकांना पूल चढून जावा लागतो, आणि तो पूल दिवसाच्या कोणत्याही वेळी माणसांनी भरलेला असतो. सरकते जिने आणि लिफ्ट आहेत, परंतु आपण उतरलो त्या जागेपासून ती कोणत्या बाजूला आहेत, हे गर्दीच्या रेट्यात शोधणे सोपे नसते. याच प्रवासात एका स्थानकावर, ज्याचे नाव घेण्याचे कारण नाही, लिफ्ट बंद होती आणि आईला पायरीगणिक थांबत वर न्यावे लागले. मागून येणारी माणसे बाजूने निघून जात होती, कोणी उर्मट वागले नाही, पण कोणाला थांबायला जागाच नव्हती. म्हणून माझा सल्ला असा की दादरला उतरायचे असेल तर नातेवाइकांपैकी एकाने फलाटावर यावे, आणि त्याने येताना लिफ्टची वाट पाहून ठेवावी.

दादरसंबंधी आणखी दोन गोष्टी. २०२३ च्या डिसेंबरपासून तेथील फलाटांना एक ते चौदा असे सलग क्रमांक दिले आहेत. पहिले सात पश्चिम रेल्वेचे आणि आठपासून पुढचे मध्य रेल्वेचे. जुन्या क्रमांकावर भेटण्याचे ठरवले तर दोघे दोन ठिकाणी उभे राहतात. दुसरी गोष्ट तुतारी एक्सप्रेसची. ही गाडी दादरहून रात्री बारा वाजून गेल्यावर सुटते, त्यामुळे चौदा तारखेच्या रात्री निघायचे असेल तर तिकीट पंधरा तारखेचे लागते. आरक्षण करताना ही तारीख दोनदा तपासावी, कारण ती चुकली तर फलाटावर काहीही करता येत नाही.

लोकमान्य टिळक टर्मिनसला आम्ही गाडी पकडली नाही, धाकट्या भावाच्या कुटुंबाला नेत्रावती एक्सप्रेसवर बसवायला गेलो होतो. नेत्रावती आणि मत्स्यगंधा येथूनच सुटतात, म्हणून आपल्या लोकांना हे स्थानक टाळता येत नाही. कुर्ला टर्मिनस म्हणतात ते हेच, मात्र लोकलचे कुर्ला स्थानक हे नव्हे. हा फरक पहिल्यांदा जाणाऱ्याला स्पष्ट सांगावा. लोकलने यायचे असल्यास हार्बर मार्गावरचे टिळकनगर जवळ पडते, तरीही सामान घेऊन चालण्याची तयारी हवी. चेंबूर, घाटकोपर, कुर्ला या भागांत राहणाऱ्यांना येथे रिक्षाने थेट येता येते, ही मोठी सोय आहे. उपनगरे सोडून मुख्य मुंबई शहरात रिक्षांना प्रवेश नाही, त्यामुळे दादर किंवा बोरीबंदरला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला, टॅक्सीशिवाय पर्याय राहत नाही. इतर कोणासाठी मात्र मी या स्थानकाची शिफारस करणार नाही. ज्यांच्याकडे या गाड्यांचे तिकीट आहे, त्यांनी चढण्याचे स्थानक ठाणे किंवा पनवेल करून घ्यावे. हा बदल किमान एक दिवस आधी करावा, आणि एकदा बदलल्यावर मूळ स्थानकावर चढण्याचा हक्क राहत नाही हे ध्यानात ठेवावे.

मडगावला जाताना आम्ही ठाण्याला मांडवी एक्सप्रेस पकडली, कारण मुक्काम भाचीकडे ठाण्यातच होता. १८५३ साली बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी जेथे येऊन थांबली, ते हे स्थानक आज दहा फलाटांचे आहे, आणि मांडवी तेथे येते ती वेळ नोकरदारांच्या गर्दीची असते. हजारो माणसे लोकलसाठी धावत असतात आणि त्यांच्यामध्येच आपल्याला पेट्या-पिशव्यांसह उभे राहावे लागते. थांबा थोडा असतो. आम्ही बराच आधी पोहोचलो, फलाटाची घोषणा दोनदा ऐकली, आईला खांबाच्या आडोशाला बसवले आणि गाडी येताच पत्नी प्रथम चढली, मग आई आणि शेवटी सामान. हा क्रम उलटा करू नये. सामान आधी चढवले की दार अडते आणि म्हातारे माणूस खाली राहते. येथूनही रिक्षा मिळते आणि घरापासून स्थानक जवळ असेल तर ठाणे चांगलेच आहे, पण केवळ थोडा वेळ वाचतो म्हणून दूरवरून येथे येण्यात अर्थ नाही.

पनवेलला आम्ही उतरलो नाही, तरी यापूर्वीच्या अनुभवावरून सांगतो की नवी मुंबईत जाणाऱ्यांनी आणि पुण्याकडून कर्जतमार्गे येणाऱ्यांनी दुसरा विचारच करू नये. कोकणच्या बहुतेक गाड्या येथे थांबतात, हार्बरची आणि ठाणे-वाशीकडची लोकल येथूनच सुटते, त्यामुळे बसायला जागा मिळते. बोरिवली-वसईच्या लोकांसाठी २०२४ च्या ऑगस्टपासून वांद्रे टर्मिनस ते मडगाव अशी आठवड्यातून दोनदा धावणारी गाडी सुरू झाली आहे. वार जुळत असतील तर दादरचा पूल टाळण्याचा तो उत्तम उपाय आहे.

मडगावला संध्याकाळी पोहोचलो. हे कोकण रेल्वेवरचे मोठे जंक्शन असले तरी मुंबईच्या मानाने त्याचा व्याप आटोपशीर आहे, आणि बाहेर आल्यावर टॅक्सी, रिक्षा आणि ‘पायलट’ म्हणजे मोटरसायकलवाले समोरच उभे असतात. कदंबाचा, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसचा, स्टँड मात्र स्थानकाला लागून नाही, तेव्हा बसने पुढे जाणाऱ्यांनी रिक्षाची भर धरावी. गोव्यात कोठे जायचे यावर स्थानक ठरवणे अधिक महत्त्वाचे : म्हापशासाठी थिवी, पणजीसाठी करमळी आणि दक्षिण गोव्यासाठी मडगाव. सर्व जण सवयीने मडगावचे तिकीट काढतात आणि मग तेवढेच अंतर टॅक्सीने उलटे येतात. हीच काळजी आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातही घ्यावी. सावंतवाडी रोड स्थानक मळगावला आहे, राजापूर रोड राजापूर शहरापासून बरेच दूर आहे, आणि मालवणला जाणाऱ्यांनी कुडाळ किंवा कणकवली यांपैकी ज्या स्थानकावर रात्री वाहन नक्की मिळेल ते निवडावे.

मुंबईकडून रत्नागिरीला उतरणाऱ्यांनी घरच्यांना किंवा रिक्षावाल्याला फोन संगमेश्वर येताच करावा. उक्षी स्थानकानंतर साडेसहा किलोमीटर लांबीचा करबुड्याचा बोगदा लागतो आणि त्यात फोन लागत नाही. बोगद्यातून बाहेर आल्यावर भोके स्थानक आणि लगेच रत्नागिरी येते. म्हणून बोगदा सुरू झाला की आसनाखालचे सामान काढून दाराजवळ आणायला घ्यावे. झोपेच्या वेळी प्रवास असेल तर गजर गाडीच्या वेळापत्रकावर न लावता गाडी प्रत्यक्ष कोठे आहे ते पाहून लावावा, कारण वीर स्थानकाच्या पुढे मार्ग एकेरी आहे, समोरच्या गाडीसाठी थांबावे लागते आणि उशीर होतो. याच कारणाने मुंबईहून पुढे विमान किंवा दुसरी गाडी पकडायची असेल तर मध्ये किमान चार तास हाती ठेवावेत. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेगळे वेळापत्रक लागू होते, गाड्यांचा वेग कमी केला जातो आणि सुटण्याच्या वेळाही बदलतात, म्हणून त्या दिवसांत जुन्या तिकिटावरची वेळ गृहीत धरू नये. आरक्षण २०२४ च्या नोव्हेंबरपासून साठ दिवस आधी उघडते. गणपतीला येणाऱ्यांनी तो दिवस आधी मोजून ठेवावा, आणि तिकीट काढतानाच उतरण्याच्या स्थानकावर कोण न्यायला येणार हेही घरात ठरवून घ्यावे.