दोन सर्व्हर, एकच नाव

गणपती दोन दिवसांवर आले होते. बडोद्याच्या खंडेराव मार्केटात मी नारळ कानाशी हलवून बघत होते, तेवढ्यात कारखान्यातून फोन. "बेन, ड्रॉइंग पाछुं अटकी गयुं."

मकरपुरा जीआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्याचे संगणक मी सांभाळते. ड्रॉइंगच्या सगळ्या फायली एका लिनक्स सर्व्हरवरून वाटल्या जातात, पण राहतात मात्र शेजारच्या स्टोरेजच्या पेटीत. मध्ये आयस्कझी. म्हणजे डिस्क पेटीत, वायर साधी नेटवर्कची, आणि सर्व्हरची समजूत अशी की डिस्क आपल्याच पोटात आहे. त्याचं नेटवर्कवरचं दार, म्हणजे पोर्ट, ३२६०. हा प्रोटोकॉल २००४ साली आरएफसी ३७२० (इंटरनेटच्या मानकांचा दस्तऐवज) म्हणून लिहिला गेला, आणि वायर धड असली की वर्षानुवर्षं त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही.

नारळ स्कूटरच्या डिकीत टाकले आणि लालबागच्या पुलावरून थेट मकरपुरा.

फायली उघडत होत्या, पण उचकी लागल्यासारख्या. काही सेकंद सगळं थिजायचं, मग सुटायचं. स्क्रीनवर कुठेही एरर नाही, आणि खरा घोळ तिथेच होता. ओपन-आयस्कझीत, म्हणजे सर्व्हरवरच्या आयस्कझीच्या सॉफ्टवेअरमध्ये, रिप्लेसमेंट टाइमआउट मुळात १२० सेकंदांचा असतो. जोडणी तुटली तरी तेवढा वेळ लिहिणं-वाचणं रांगेत धरून ठेवतात. वरच्या माणसाला फक्त "स्लो" दिसतं. डीमेसेजमध्ये, म्हणजे लिनक्सच्या आतल्या नोंदींत, मात्र ओळींवर ओळी: डिटेक्टेड कॉन एरर १०२०. मराठीत सांगायचं तर, समोरच्याने टीसीपी जोडणी बंद केली.

माझा संशय वायरवर. सिस्टिमवाल्यांचा पहिला संशय वायरवरच असतो, सासूचा सुनेवर असतो तसा. वायर बदलली. स्विचचं पोर्ट बदललं. मग जम्बो फ्रेम, म्हणजे नेटवर्कवरची नेहमीपेक्षा मोठी पाकिटं, आठवल्या. पिंगला फ्रॅगमेंट न करण्याचा (पाकीट न तोडण्याचा) पर्याय लावून ८९७२ बाइट पाठवले. वरचे २० आयपीच्या हेडरचे, ८ आयसीएमपीच्या (पिंगच्या) हेडरचे, एकूण बरोबर ९०००. खळखळून पलीकडे गेले. दीड तास गेला आणि चहा दोनदा झाला.

शेवटी एसएसएचने, म्हणजे दुरून लॉगिन करून, पेटीतच शिरले आणि चालू सेशनची, म्हणजे जोडण्यांची, यादी मागितली. एकच ओळ, पत्ता संपतो २१ वर. आमचा जुना सर्व्हर. ठीक. अप-अ‍ॅरो, एंटर. पत्ता ३४. परत अप-अ‍ॅरो, एंटर. २१. आयक्यूएन, म्हणजे सर्व्हरचं आयस्कझीतलं नाव, तिन्ही वेळा अक्षरन् अक्षर तेच.

३४ म्हणजे नवा सर्व्हर. आदल्या संध्याकाळी मीच जुन्याचा क्लोन (हुबेहूब नक्कल) करून उभा केलेला.

क्लोन केल्यावर काय काय बदलायचं ते मला पाठ आहे: होस्टनेम, आयपी, एसएसएचच्या चाव्या, मशीन-आयडी. एवढं सगळं केलं होतं. राहिली ती ईटीसीमधल्या आयस्कझी फोल्डरातली इनिशिएटरनेमची फाईल. एका ओळीची, आणि ती ओळ म्हणजे तेच आयक्यूएन. पेटी सर्व्हरला ओळखते ती त्या ओळीवरून, आयपीवरून नाही. त्यामुळे ३४ ने लॉगिन केलं की पेटीला वाटे जुनाच गडी परत आला, म्हणून ती त्याचं आधीचं सेशन मोडून नवं द्यायची. २१ बाहेर फेकला जायचा, दोन सेकंद थांबून परत दार वाजवायचा, की ३४ बाहेर. रात्रभर हेच. दांडिया बाजारात आमच्या वाड्यात एकाच आडनावाची दोन बिऱ्हाडं होती आणि गॅसचा सिलिंडर नेहमी चुकीच्या जिन्याने वर चढायचा, त्याची आठवण झाली.

एक गोष्ट नशिबाने बरोबर केली होती. क्लोनच्या एफएसटॅबमधली (सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या त्या यादीतली) त्या डिस्कची ओळ मी काढून टाकली होती, त्यामुळे तो लॉगिन करत होता पण डिस्क माउंट करत नव्हता, म्हणजे वापरायला उघडत नव्हता. केली असती तर? डिस्कवरच्या एक्सटी४ फाइलसिस्टिमला दोन मालक चालत नाहीत. दोघांनी एकाच वेळी लिहिलं असतं तर ड्रॉइंगचा चिवडा झाला असता, आणि यंदाचे मोदक मी बॅकअप परत आणता आणता खाल्ले असते. ओळ काढली, पण नोडचं (पेटीच्या साठवलेल्या नोंदीचं) स्टार्टअप 'ऑटोमॅटिक'च राहिलं, म्हणजे लॉगिन आपोआप होत राहिलं, हे माझं अर्धवट काम.

दुरुस्तीला दहा मिनिटं. नव्या सर्व्हरवर आयस्कझी-एडीएम या कमांडने लॉगआउट, जुन्या नोडच्या नोंदी डिलीट, इनिशिएटरनेम बदललं, आयस्कझीडी ही सेवा रीस्टार्ट. पेटीवर नव्या नावाचा होस्ट घालून त्याला त्याचा वेगळा लन, म्हणजे पेटीतल्या जागेचा तुकडा, दिला. मग सेंडटार्गेट्सने डिस्कव्हरी (पेटीकडे टार्गेट्सची यादी मागणं), चॅपचा, म्हणजे आयस्कझीच्या ओळखतपासणीचा, पासवर्ड, लॉगिन. चॅपची कमांड लिहिताना आधी एक स्पेस देते, म्हणजे पासवर्ड शेलच्या हिस्टरीत (लिहिलेल्या कमांडच्या यादीत) उरत नाही. अर्थात हिस्टकंट्रोल हे शेलचं सेटिंग तसं लावलेलं असेल तरच. एफएसटॅबमध्ये यूयूआयडी (डिस्कचा ओळखक्रमांक) आणि अंडरस्कोर-नेटडेव्ह (डिस्क नेटवर्कवर आहे ही खूण). ही खूण विसरलात तर सर्व्हर नेटवर्क यायच्या आधीच डिस्क शोधत बसतो.

पेटीचं वेब पानही आहे, रंगीबेरंगी. त्यात सकाळपासून हा होस्ट हिरवाच दिसत होता. कोणी ना कोणी सदैव लॉगिन असायचंच, मग तेही खोटं कसं म्हणायचं?

नवं नाव बनवायला आयस्कझी-आयनेम नावाची कमांड आहे, पण ती कोलनच्या पुढे वाटेल ती अक्षरं देते. कोलनच्या आधीचं 'आयक्यूएन.१९९४-०५.कॉम.रेडहॅट' तसंच ठेवलं. ती तारीख इन्स्टॉलची नव्हे; ते डोमेन ज्यांचं, त्यांच्याकडे ते कधीपासून आहे त्याचा वर्ष-महिना. कोलनच्या पुढे मात्र मी हाताने लिहिलं: मकरपुरा-नवा.

निघताना सेशनची यादी परत मागितली. दोन ओळी, दोन नावं. पाच-सहा वेळा अप-अ‍ॅरो दाबून बघितलं, हलल्या नाहीत. घरी पोचले तर डिकीतला एक नारळ तडकून पाणी सीटखालच्या कागदपत्रांवर.