जुन्या डेस्कटॉपवर फ्रीडॉस बसवताना : माझा अनुभव

काळ्या पडद्यावर फक्त कमांड लिहून चालणारी प्रणाली नवशिक्याने बसवायची असेल तर मी फ्रीडॉस, म्हणजे जुन्या डॉसची मोफत आणि खुली प्रतिकृती, सुचवतो. लिनक्सपेक्षा ती कितीतरी लहान आहे आणि इन्स्टॉलर फारसे प्रश्न विचारत नाही. बिघडलं तर पुन्हा पहिल्यापासून करायलाही फार वेळ लागत नाही. जिम हॉल यांनी १९९४ साली हा प्रकल्प सुरू केला, पहिली पूर्ण आवृत्ती २००६ साली आली. १.३ ही आवृत्ती फेब्रुवारी २०२२ मधली, १.४ एप्रिल २०२५ मधली. पुढचं वर्णन १.३ वर केलेल्या कामाचं आहे. कमांड मी उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टाइप करताना त्या अर्थातच रोमन अक्षरांत करायच्या. लहान-मोठी अक्षरं कशीही चालतात.

माझं यंत्र कोअर टू ड्युओचा डेस्कटॉप : २ जीबी रॅम, ८० जीबीची साटा हार्ड डिस्क, डीव्हीडी ड्राइव्ह, मागे पॅरलल पोर्ट. काम एकच. फॉक्सप्रो या डॉसच्या काळातल्या डेटाबेस प्रोग्राममध्ये लिहिलेला जुना बिलिंग प्रोग्राम आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटर पुन्हा चालवायचे होते.

सुरुवातीला एक गोष्ट पक्की समजून घेतली की पुढची बरीच डोकेदुखी टळते. डॉसला यंत्र थेट दिसत नाही, बायोस (यंत्र सुरू होताना सर्वांत आधी चालणारा, मदरबोर्डवरचा प्रोग्राम) जेवढं दाखवेल तेवढंच दिसतं. डिस्क, कीबोर्ड, पेनड्राइव्ह हे सगळं बायोसमार्फतच येतं. म्हणून ज्या यंत्रात जुन्या पद्धतीचं बायोस किंवा यूईएफआय या नव्या पिढीच्या बायोसमधला 'लेगसी' अथवा 'सीएसएम' (जुन्या पद्धतीने बूट करू देणारा) पर्याय नाही, तिथे फ्रीडॉस थेट बूट होत नाही. गेल्या काही वर्षांतल्या बहुतेक लॅपटॉपमध्ये हा पर्याय काढून टाकलेला असतो. मग दुकानात 'डॉस लॅपटॉप' म्हणून स्वस्तात मिळतात ते कसे चालतात? त्यातल्या काहींमध्ये आत छोटी लिनक्स प्रणाली असते आणि तिच्यावर आभासी यंत्रात फ्रीडॉस चालवलेला असतो. तसा लॅपटॉप हाताशी असेल तर त्याच्याशी झटापट करू नका. विंडोज किंवा लिनक्सवर व्हर्च्युअलबॉक्स हा आभासी यंत्र चालवणारा प्रोग्राम टाका, त्यात ६४ एमबी मेमरी आणि २ जीबीची डिस्क देऊन सराव करा. इन्स्टॉलर तोच आहे.

बायोसमध्ये मी चार गोष्टी बघितल्या. बूटच्या क्रमात डीव्हीडी पहिली ठेवली. साटाचा मोड, म्हणजे डिस्कशी बोलण्याची पद्धत, नव्या एएचसीआयवरून जुन्या आयडीईवर नेला. हार्ड डिस्क दोन्ही मोडमध्ये दिसते, पण डॉसचे नेहमीचे सीडी ड्रायव्हर एएचसीआयवर अडतात आणि इन्स्टॉलर मध्येच 'सीडी सापडत नाही' म्हणून थांबतो. कीबोर्ड यूएसबीचा असेल तर 'यूएसबी लेगसी सपोर्ट' चालू हवा, नाहीतर बायोसमध्ये चालणारा कीबोर्ड डॉसमध्ये गप्प बसतो. चौथी गोष्ट पॅरलल पोर्टची, ती खाली प्रिंटरपाशी येईल.

फ्रीडॉसच्या साइटवर लाइव्हसीडी, लेगसीसीडी, फुलयूएसबी, लाइटयूएसबी अशा वेगवेगळ्या फाइल आहेत. मी लाइव्हसीडी घेतली, तिच्यावरून प्रणाली न बसवताही चालवता येते. लेगसीसीडी फार जुन्या, नवी सीडी बूट न होणाऱ्या यंत्रांसाठी आहे. फाइल उतरवल्यावर तिची शा-२५६ बेरीज (फाइल जशीच्या तशी उतरली का हे पडताळायचा आकडा) जुळते का ते पाहून घ्यावं. विंडोजमध्ये त्यासाठी सर्टयुटिल ही कमांड आधीपासून असते. डीव्हीडी ड्राइव्ह नसेल तर पेनड्राइव्हची फाइल रूफस या विंडोजवरच्या प्रोग्रामने लिहावी. इथे बरेच जण फसतात. रूफसच्या यादीत 'फ्रीडॉस' असा तयार पर्याय दिसतो, पण त्याने पेनड्राइव्हवर नुसता कर्नल (प्रणालीचा गाभा) आणि कमांडचा दुभाषी (कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) उतरतो. बायोस अपडेट करायला तेवढं पुरतं, त्यात इन्स्टॉलर मात्र नसतो. यादीतला तो पर्याय सोडून उतरवलेली इमेज फाइलच निवडायची.

मी डीव्हीडीला पसंती का दिली, याचं कारणही बायोसच. पेनड्राइव्हवरून बूट केलं की बायोस बहुधा पेनड्राइव्हलाच पहिली डिस्क मानतं. मग पेनड्राइव्ह होतो सी: आणि आतली हार्ड डिस्क जाते डी:वर. डिस्क पुसणाऱ्या कमांड चालवताना ही अदलाबदल महागात पडते. डीव्हीडीवरून बूट केलं तर आतली डिस्कच पहिली राहते.

आता विभाजन, म्हणजे डिस्कचे विभाग पाडणं. सगळा वेळ खरं तर इथेच द्यावा. डिस्कवर आधी विंडोज असेल तर ते विभाग एनटीएफएस या विंडोजच्या फाइल-पद्धतीचे असतात, डॉसला ते वाचता येत नाहीत. हवा तो डेटा आधीच दुसरीकडे हलवायचा. डिस्कवरचा विभागांचा तक्ता नव्या जीपीटी पद्धतीचा असेल तर एफडिस्क या डॉसच्या विभाग पाडणाऱ्या प्रोग्रामला सगळ्या डिस्कभर पसरलेला एकच अनोळखी विभाग दिसतो. तो तिथे काढत बसण्यापेक्षा डिस्क दुसऱ्या यंत्राला लावून विंडोजच्या डिस्कपार्टमध्ये 'क्लीन' करणं सोपं. डिस्कपार्ट पुसण्याआधी खात्री करून घेत नाही, तेव्हा डिस्कचा क्रमांक आकारावरून दोनदा ताडून पाहा.

लाइव्हसीडीच्या मेनूतून हार्ड डिस्कवर बसवण्याचा पर्याय घेतला, भाषा इंग्रजी निवडली. सी: ड्राइव्हवर विभाग नाही असं सांगून इन्स्टॉलर एफडिस्क उघडतो. पहिलाच प्रश्न येतो, मोठ्या डिस्कसाठी फॅट-३२ (डॉसच्या फॅट फाइल-पद्धतीचा नवा प्रकार, जुना तो फॅट-१६) वापरायचं का? बहुतेक ठिकाणी 'हो' म्हणा असं सांगतात. मी 'नाही' म्हणालो, आणि ते मुद्दाम. फॅट-१६चा विभाग २ जीबीपर्यंतच होतो, पण जुने प्रोग्राम लिहिले गेले तेव्हा यापेक्षा मोठी डिस्क त्यांच्या हिशेबातच नव्हती. मोकळी जागा त्याहून जास्त दिसली की त्यांचा हिशेब चुकतो आणि डिस्क जवळजवळ रिकामी असूनही 'जागा अपुरी आहे' असा निरोप येतो. बिलांच्या फाइलींना २ जीबी कित्येक वर्षं पुरतात. नवे डॉस खेळ किंवा मोठ्या फाइली ठेवायच्या असतील तर मात्र फॅट-३२ घ्या.

पर्याय १ ने प्राथमिक विभाग तयार केला, आकार दिला २००० एमबी. मग पर्याय २ ने तो सक्रिय, म्हणजे यंत्राने बूट करायचा विभाग, केला. पर्याय ४ ने सगळं बरोबर दिसतं का ते पाहून एस्केपने बाहेर. एकापेक्षा जास्त डिस्क असतील तर पर्याय ५ ने डिस्क बदलता येते, तिथेही आकार वाचूनच पुढे जावं. यानंतर यंत्र पुन्हा सुरू करावंच लागतं, कारण डॉस विभागांचा तक्ता फक्त सुरू होताना वाचतो. रीबूट न करता फॉरमॅट करायला गेलात तर जुन्याच तक्त्यावर काम होतं.

दुसऱ्यांदा डीव्हीडीवरून सुरू झाल्यावर इन्स्टॉलर सी: फॉरमॅट करायची परवानगी मागतो, मग कीबोर्डचा प्रकार विचारतो. आपल्याकडच्या कीबोर्डला अमेरिकी इंग्रजीचा पर्याय चालतो. शेवटचा प्रश्न साधी प्रणाली की पूर्ण, आणि सोर्स कोड हवा की नको. मी पूर्ण, सोर्सशिवाय घेतली. फाइली उतरायला लागतात, तेवढ्यात चहा होतो.

डीव्हीडी काढून यंत्र सुरू केलं की तीन प्रकारचे अडथळे सर्रास दिसतात. काळ्या पडद्यावर नुसता कर्सर लुकलुकत असेल तर विभाग सक्रिय झालेला नाही. 'ग्रब रेस्क्यू' अशी ओळ आली तर डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये जुन्या लिनक्सचा बूटलोडर शिल्लक आहे आणि तो आता पुसल्या गेलेल्या फाइली शोधतोय. विभाग सक्रिय असूनही पुढे काहीच होत नसेल तर सी:चा बूट सेक्टर किंवा कर्नल नीट लिहिला गेलेला नाही. तिन्हींवर उपाय डीव्हीडीवरून लाइव्ह मोडमध्ये जाऊनच करायचा : पहिल्याला एफडिस्कचा पर्याय २, दुसऱ्याला 'एफडिस्क /एमबीआर', तिसऱ्याला 'सिस सी:', म्हणजे एस-वाय-एस. पेनड्राइव्हवरून आला असाल तर 'एफडिस्क /एमबीआर' डोळे मिटून देऊ नका. पहिली डिस्क कोणती, हा प्रश्न पुन्हा तिथेच उभा असतो.

सगळं ठीक असेल तर चार पर्यायांचा मेनू येतो. पहिला जेमएक्स हा मेमरी व्यवस्थापक लावून, सर्वांत जास्त मेमरी मोकळी ठेवणारा. दुसरा जेम-३८६ लावून काही जुन्या प्रोग्रामना लागणारी एक्स्पांडेड मेमरी देणारा. तिसरा थोडक्या ड्रायव्हरांचा, चौथा एकही ड्रायव्हर न लावणारा. पहिल्या पर्यायावर यंत्र गोठलं तर घाबरायचं कारण नाही. जेमएक्स ६४० केबीच्या वरच्या पट्ट्यात रिकाम्या जागा शोधतो आणि काही मदरबोर्डवर बायोसने वापरात घेतलेली जागाच रिकामी समजतो. चौथ्या पर्यायाने सुरू करून 'एडिट' या मजकूर-संपादकात सी:वरची एफडीकॉन्फिग.सिस उघडावी, जेमएक्सच्या ओळीतला 'आय=टेस्ट' काढून जतन करावं. वरच्या पट्ट्यातली थोडी जागा हातची जाते, पण बहुधा यंत्र उठतं. मेमरी किती मोकळी आहे ते 'मेम /सी' दाखवतं. खालच्या ६४० मधले सहाशेच्या आसपास केबी मोकळे असतील तर जुने प्रोग्राम सुखाने चालतात.

त्याच फाइलीत आणखी एक बदल आपल्या लोकांसाठी महत्त्वाचा. 'कंट्री' या ओळीत ००१ असतं, म्हणजे अमेरिकी पद्धत, महिना आधी आणि तारीख नंतर. बिलांच्या कामात हे चालणार नाही. तिथे ब्रिटनचा ०४४ घातला की 'डिर' या फाइली दाखवणाऱ्या कमांडच्या यादीत तारीख आधी दिसते. ओळीच्या सुरुवातीचं उद्गारचिन्ह तसंच राहू द्या. प्रोग्रामचा स्वतःचा तारखेचा क्रम मात्र त्याच्याच सेटिंगमध्ये बदलावा लागतो.

जुना प्रोग्राम सुरू करताच 'डिव्हाइड ओव्हरफ्लो' किंवा 'रनटाइम एरर २००' दिसला तर दोष फ्रीडॉसचा नाही. टर्बो पास्कल या भाषेत लिहिलेले काही प्रोग्राम आणि फॉक्सप्रोच्या काही आवृत्त्या सुरुवातीला प्रोसेसरचा वेग मोजतात. प्रोसेसर त्यांच्या अपेक्षेपेक्षा फारच वेगवान निघाला की भागाकाराचं उत्तर ठरलेल्या जागेत मावत नाही. यासाठी प्रोग्रामच्या फाइलीवर पॅच मारावा लागतो. मूळ फाइलीची प्रत वेगळी ठेवून मगच तो मारावा.

मराठी अक्षरांची अपेक्षा ठेवू नका. डॉसच्या जमान्यात त्यासाठी पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचं जिस्ट कार्ड यंत्रात बसवत. साध्या मजकुराच्या पडद्यावर देवनागरी आपोआप येत नाही.

फाइली आणायला पेनड्राइव्ह चालतो, पण तो यंत्र सुरू करण्याआधी लावलेला हवा, कारण नंतर लावलेला बायोस डॉसला कळवत नाही. सुरू झाल्यावर आधी 'डिर सी:' करून ड्राइव्हची अक्षरं जागच्या जागी आहेत का ते पाहा. पेनड्राइव्ह फॅट-३२चा हवा, एक्सफॅट किंवा एनटीएफएस नको. फाइलींची नावं आठ अक्षरं आणि पुढे तीन यात बसवूनच आणा, नाहीतर सगळ्या बिलांची नावं मध्येच तुटून शेवटी ~१, ~२ लागलेली दिसतील आणि कोणतं कुठलं ते कळणार नाही.

राहिला प्रिंटर. यूएसबीचा प्रिंटर इथे विसरा. पॅरलल केबल लावून 'डिर > पीआरएन' दिलं की यादी कागदावर उतरायला हवी. काहीच हललं नाही तर बायोसमध्ये पोर्टचा पत्ता ३७८ आणि आयआरक्यू ७ आहे का ते बघा, मोड ईसीपी असेल तर एसपीपी करा. छापलं पण सगळ्या ओळी एकाच ओळीवर चढत असतील तर डॉसकडे पाहू नका, प्रिंटरमधली आपोआप लाइन फीडची (कागद एक ओळ पुढे सरकवण्याची) सेटिंग बंद आहे. ती चालू केल्यावर ओळींमध्ये दुप्पट अंतर पडायला लागलं तर प्रोग्राम स्वतःच लाइन फीड पाठवतोय, मग ती पुन्हा बंद करायची.