एकाच हाताची मुद्राचित्रे

एदो काळातील (सतराव्या ते एकोणिसाव्या शतकातील) जपानी काष्ठमुद्राचित्र हे एकट्याचे काम नसे. चित्रकार रेखाटन करी, कोरणारा कारागीर ते चेरीच्या फळीत उतरवी, छापणारा रंग चढवी आणि या सगळ्यांवर प्रकाशकाचा अंमल चाले. यामामोतो कानाए यांनी १९०४ मध्ये मच्छीमाराचे एक छोटेसे चित्र स्वतःच रेखाटले, कोरले आणि छापले, आणि तिथून सोसाकु-हांगा, म्हणजे सर्जनशील मुद्राचित्रांची चळवळ सुरू झाली. त्यात पटाशीच्या खुणा लपवलेल्या नाहीत, आणि मला तेच फार मोलाचे वाटते.

या चळवळीतल्या मुनाकाता शिको यांच्यापाशी मात्र मी पुन्हा पुन्हा थांबतो. दृष्टी अतिशय अधू असल्यामुळे फळीला नाक टेकेल इतके वाकून ते झपाट्याने कोरत. काळ्या शाईत छापलेल्या पातळ कागदाला ते पुष्कळदा मागच्या बाजूने रंग लावत. तो तंतूंतून झिरपून पुढे मऊसर उमटे आणि काळी रेघ तशीच ठसठशीत राही. १९५६ मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात त्यांना मुद्राचित्रणाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला.

ओंची कोशिरो यांची वाट निराळी होती. अमूर्ताकडे वळलेल्या या कलावंताने लाकडाबरोबर दोरा, पाने, कागद अशा साध्या वस्तूंचेही ठसे घेतले आणि कित्येक चित्रांच्या अगदी मोजक्याच प्रती छापल्या. मुद्राचित्र म्हणजे भरपूर प्रती, या समजुतीलाच त्यांनी धक्का दिला, आणि माझ्या मते चळवळीतले सर्वांत धाडसी काम तेच आहे.