काकींच्या टीव्हीचं सेटिंग

आमच्या नात्यात माझ्याबद्दल एक तक्रार कायम असते. ही कुणाच्याही घरी गेली की चहा यायच्या आत रिमोट ताब्यात घेते. तक्रार खरी आहे, पण मी चॅनेल बदलत नाही. मी सेटिंगमध्ये जाते, तिथून पिक्चर, तिथून ॲडव्हान्स्ड, आणि तिथं 'मोशन' किंवा 'क्लॅरिटी' किंवा 'एमईएमसी' असं, हालचाल गुळगुळीत करणारं जे काही सेटिंग असेल ते बंद करून टाकते. प्रत्येक कंपनीनं त्याला वेगळं नाव देऊन वेगळ्या कोपऱ्यात दडवलंय. मला आता बहुतेकांचे कोपरे पाठ आहेत.

दिवाळीत उत्तरेश्वर पेठेत चुलतसासूबाईंकडे, म्हणजे काकींकडे, फराळाला गेलो होतो. मुलानं पुण्याहून पाठवलेला पंचावन्न इंची नवाकोरा टीव्ही, आणि त्यावर जुना कृष्णधवल तमाशापट. फड, ढोलकी, तक्क्याला टेकलेला पाटील, सगळं जागच्या जागी होतं. तरी काहीतरी बिनसलेलं. नाचणारीचं पाऊल पडत नव्हतं, घसरत होतं. ढोलकीवर बोटं जोरात चालली की त्यांच्याभोवती पाणी सांडल्यासारखी एक कडा थरथरायची. पाटील तर आज सकाळीच मेकअप करून मालिकेच्या सेटवर येऊन बसल्यागत दिसत होता.

काकी कौतुकानं म्हणाल्या, "कसं क्लिअर दिसतंय बघ की."

दुखणं तेच तर आहे.

सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनी टिपलेला असतो. बोलपट आले तेव्हा, १९२० च्या दशकाच्या अखेरीस, हा आकडा ठरला. आवाजाची पट्टी फिल्मवरच आली, त्यामुळे फिल्म कमीजास्त वेगानं पळवण्याची मुभाच संपली; वेग हलला की गाणं भसाडं. टीव्ही मात्र चित्र सेकंदाला ५० किंवा ६० वेळा बदलतो, महागातला १०० ते १२० वेळा. मधली चित्रं आणायची कुठून? जुने टीव्ही होतं तेच चित्र परत दाखवून वेळ मारून न्यायचे. नवे जास्त हुशार. ते आधीचं चित्र बघतात, नंतरचं बघतात आणि मधलं स्वतःच्या मनानं काढतात. पाटलानं मिशीला पीळ दिला तर त्यातली निम्म्याहून जास्त हालचाल कुठल्याही कॅमेऱ्यानं कधी पाहिलेलीच नसते, ती टीव्हीतल्या चिपनं रचलेली असते. बोटं फार भरभर हलली की चिपचा अंदाज चुकतो आणि ती थरथरणारी कडा दिसते.

यावर मी एकटीच कावलेय असं नाही. २०१८ च्या डिसेंबरात टॉम क्रूझनं दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वारीला शेजारी उभं करून व्हिडिओ टाकला होता, कृपा करून घरच्या टीव्हीवर हे बंद करा म्हणून. पुढच्याच वर्षी 'फिल्ममेकर मोड' जाहीर झाला, त्यात हा सगळा कारभार आपोआप बंद राहतो. हे मी काकींना मोठ्या उत्साहानं सांगितलं. त्या चकली मोडत म्हणाल्या, "त्या टॉम क्रूझला काय करायचंय माझ्या टीव्हीचं?"

दीर तिथंच होता. त्याचं म्हणणं, "वैनी, सिनेमाचं तुमचं मान्य. पण मॅचला ते पाहिजेच." आता मॅच मुळातच सेकंदाला ५० च्या हिशेबानं आपल्याकडे येते, तिला आणखी गुळगुळीत करण्याची गरज काय? उलट प्रेक्षकांच्या रंगीबेरंगी गर्दीवरून चेंडू उडत गेला की चिप गोंधळते आणि चेंडू क्षणभर गायबही होतो. पण सणासुदीला दिराशी किती भांडायचं. बऱ्याच टीव्हीत प्रत्येक मोडचं सेटिंग वेगळं लक्षात राहतं, म्हणून मूव्ही मोडला बंद आणि स्पोर्ट्स मोडला चालू अशी वाटणी झाली. तो टीव्ही कुठल्या मोडवर ठेवायचा यावर तिथं आता रोज वाद होत असणार, पण तो त्यांच्या घरातला प्रश्न.

मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. सिनेमा, क्रिकेट आणि मोबाइल ही माझी तीन वेडं आहेत असं घरचे म्हणतात, मला ती तीन वाटतच नाहीत. एका सेकंदात किती चित्रं बसवायची, एवढ्या एका गोष्टीभोवती माझं सगळं फिरतं.

आणि कोल्हापुरात राहून हे वेड लागणं काही अवघड नाही. बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा याच गावात तयार केला. आनंदराव पेंटरांबरोबर खटपट सुरू झाली, आनंदराव १९१६ मध्ये गेले, आणि बाबूरावांनी दामल्यांना हाताशी धरून १९१८ मध्ये तो पुरा केला. त्यांचा मूकपट 'सैरंध्री' आला १९२० मध्ये. त्या काळातला कॅमेरा हातानं फिरवायचा. म्हणजे सेकंदाला सोळा चित्रं की अठरा, हे फिरवणाऱ्याच्या मनगटावर. तो दमला की चित्रं कमी, लढाईचं दृश्य बघून जोर चढला की जास्त. दाखवताना प्रोजेक्टरवाल्याचं मनगट आणखी वेगळं. आज आपल्याला मूकपटातली माणसं तुरुतुरु चालताना दिसतात ती का, हे मी वर्गात विचारते तेव्हा मागच्या बाकावरून हमखास उत्तर येतं, "मॅडम, तेव्हा लोकांना घाई असंल."

खरी गंमत प्रोजेक्टरची. फिल्म मिनिटाला ९० फूट पळते, पण सलग नाही. एक चित्र थांबतं, उजेड पडतो, पडदा झाकला जातो, फिल्म खाली सरकते, पुढचं चित्र थांबतं. चोवीसच वेळा उजेड टाकला तर डोळ्याला लुकलुक जाणवते. म्हणून शटर, म्हणजे उजेड अडवणारं झाकण, प्रत्येक चित्र दोनदा दाखवतं, सेकंदाला ४८ झपके. आणि पुढचं चित्र खाली येत असतं तेवढा वेळ थिएटरात पूर्ण अंधार असतो. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तिकिटाचे निम्मे पैसे परत मागावेसे वाटले होते.

मग चित्रंच वाढवली तर? २०१२ मध्ये पीटर जॅक्सननं 'द हॉबिट' सेकंदाला ४८ फ्रेमनी, म्हणजे चित्रांनी, चित्रित केला. पुष्कळांना तो आवडला नाही. सेट सेटसारखे दिसतात, मेकअप मेकअपसारखा दिसतो, ही तक्रार. काकींच्या पाटलाचं झालं होतं तेच, फक्त तिथं चिपचा दोष नव्हता. सिनेमाला थोडं अपुरं दिसणंच मानवतं असं माझं मत आहे. फिजिक्सवालीनं हे म्हणू नये, पण आहे.

खेळाचं बरोबर उलटं. तिथं कितीही चित्रं असली तरी कमीच पडतात.

माझी लेक आठवीत आहे, मध्यमगती टाकते. सुट्टीच्या दिवशी पार्किंगमध्ये टेनिस बॉलवर सराव चालतो आणि मी मोबाइल स्लो मोशनला लावून खांबाला टेकून बसते. साधा व्हिडिओ सेकंदाला ३० चित्रांचा. तिचा चेंडू ताशी ६० किलोमीटरनं गेला असं धरलं तर दोन चित्रांच्या मध्ये तो साधारण ५६ सेंटिमीटर पुढे सरकलेला असतो. हातातून सुटला कधी, मनगट वळलं कसं, काही म्हणता काही कळत नाही. मोबाइल २४० वर लावला की तेच अंतर सात सेंटिमीटर, म्हणजे जवळपास चेंडूच्याच जाडीइतकं. आता दिसतं की तिची तर्जनी शेवटच्या क्षणी चेंडूवरून बाजूला पडते, म्हणून तो लेगला जातो. मी हे दाखवलं तर म्हणाली, "सरांनी तेच सांगितलंय, नुसतं बघून." असो. संध्याकाळी मात्र हा उद्योग करता येत नाही, कारण आमच्या पार्किंगमधली जुनी चोकवाली ट्यूब सेकंदाला शंभरदा लुकलुकते. नुसत्या डोळ्यांना ते कळत नाही, पण स्लो मोशनमध्ये सगळं पार्किंग धडधडायला लागतं.

हाच हिशेब रनआउटला लावून बघा. टीव्हीवरचा रिप्ले बघून बाद दिलेला पहिला फलंदाज म्हणजे आपला सचिन. १९९२ चा नोव्हेंबर, दरबानची कसोटी, जाँटी ऱ्होड्सचा थ्रो. धावणारा माणूस सेकंदाला सहा मीटर जातो असं मानलं तर ५० चित्रांच्या हिशेबात दोन चित्रांमध्ये बॅट बारा सेंटिमीटर सरकते. एका चित्रात बॅट रेषेच्या बाहेर आणि बेल्स जागेवर, पुढच्यात बॅट आत आणि बेल्स हवेत. मधल्या बारा सेंटिमीटरात काय झालं, ते देवाला ठाऊक. सचिनच्या वेळी अशी अडचण नव्हती, तो स्पष्टच बाहेर होता. पण अशा बारीक प्रसंगांसाठीच पुढे वेगवान कॅमेरे आले, पेटणाऱ्या बेल्स आल्या. तरी थर्ड अंपायर एकच चित्र मागेपुढे करत बसला की आमच्या घरात माझ्याकडे वळून बघतात, जणू मधलं चित्र मीच लपवून ठेवलंय.

आमच्या शाहू स्टेडियममधल्या फुटबॉलला यातलं काही नाही. इथं पेठांच्या तालमींचे संघ खेळतात. माझं माहेर मंगळवार पेठेत, म्हणजे पाटाकडील. सासर शिवाजी पेठेत, म्हणजे शिवाजी तरुण मंडळ. बाहेरगावच्यांना यातली अडचण कळायची नाही. दोघं फायनलला आमनेसामने आले की त्या दिवशी घरात स्वयंपाकापुरतं बोलणं होतं. लेकीनं अजून बाजू जाहीर केलेली नाही, ती 'खंडोबा' असं तिसऱ्याच संघाचं नाव सांगून मोकळी होते. वर्ल्डकपमध्ये २०१४ ला गोललाइन तंत्र आलं, २०१८ ला व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून पंचाला मदत करणं, आलं. इथं चेंडू रेषा ओलांडून गेला की नाही हे गॅलरीतली पेठ ठरवते, आणि दोन पेठांचे दोन निकाल असतात. गेल्या हंगामात एका गोलवरून असाच कल्ला झाला आणि सामना संपल्यावर दिरानं मला मोबाइलवरची क्लिप आणून दिली. बघा म्हणाला, तुम्ही फिजिक्सवाल्या. तीस फ्रेमची क्लिप, गॅलरीतून तिरकी घेतलेली. एका चित्रात चेंडू रेषेच्या अलीकडे, पुढच्यात गोलकीपरच्या पोटाखाली. शिवाय कॅमेरा रेषेच्या सरळ समोर नसला की चेंडू आत आहे की बाहेर हे तसंही सांगता येत नाही. मी एवढंच म्हटलं की यातून काहीही सिद्ध होत नाही. त्याच्या मते मी माहेरची बाजू घेतली.

पण वेळेनं आमची सगळ्यात जास्त चेष्टा केली ती २ नोव्हेंबर २०२५ ला. महिला विश्वचषकाची फायनल, नवी मुंबईत. सांगलीची स्मृती सलामीला, म्हणजे आमच्याकडे तो घरचाच सामना. पावसानं उशिरा सुरू झाला आणि रात्र चढत गेली. आम्ही ॲपवर बघत होतो, खालच्या मजल्यावरच्या आजींकडे डिश. त्यांच्याकडे जे घडायचं ते आमच्याकडे बऱ्याच वेळानं यायचं, आणि खिडक्या लावूनही आवाज वर येत होता.

बेचाळिसाव्या षटकाला दक्षिण आफ्रिकेची लॉरा वोल्वार्ट शंभरी ओलांडून उभी होती. आमच्याकडे दीप्ती अजून फील्ड लावत होती तोवर खालून आवाज आला. "आऽऽ", मग एकदम "अरे अरे अरे", मग पुन्हा "आऽऽ", आणि मग जो काही दणका उडाला! आउट झाली हे कळलंच, पण मधलं "अरे अरे" कशाचं? आम्ही तिघं पडद्याकडे बघत बसलो. चेंडू उंच गेला, अमनजोत धावत खाली आली, चेंडू हातातून उडाला, परत उडाला, पडता पडता तिनं एका हातात धरला. तो झेल मी आधी कानांनी पाहिला. नवऱ्यानं तिथंच चप्पल घातली आणि तो खाली पळाला. लेक जागची हलेना, तिला म्हणे सगळं क्रमानं बघायचं होतं.

शेवटची विकेट तर फटाक्यांनीच सांगितली. गल्लीत माळा वाजायला लागल्या तेव्हा आमच्याकडे नादिन डी क्लर्क हेल्मेट सारखं करत उभी होती. लेक कानांवर हात ठेवून ओरडली, "आई, अजून झालेलं नाही, बघू नकोस बाहेर!" हरमनप्रीतनं मागे पळत जाऊन तो झेल घेतला तेव्हा खाली पेढे वाटूनही झाले होते.

आम्ही उतरलो तर आजी दारातच. "तुमचा टीव्ही मागं का गं चालतो? दुरुस्त करून घे की."

रात्री बारा वाजून गेलेले, आणि मी त्यांना जिन्यात उभी राहून सांगायला लागले. तुमच्या डिशचा सिग्नल सुमारे ३६ हजार किलोमीटर वर उपग्रहापर्यंत जाऊन परत खाली येतो, आणि त्या सगळ्या येण्याजाण्याला पाव सेकंद लागतो. आमच्याकडचा जमिनीवरूनच येतो, पण आधी त्याचे काही सेकंदांचे तुकडे पाडतात, एकेक तुकडा पाठवतात, आणि मधेच अडकू नये म्हणून ॲप दोनतीन तुकडे साठवून मगच दाखवायला सुरुवात करतं. बराचसा उशीर त्या साठवणीत होतो.

आजींनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, माझ्या हातावर पेढा ठेवला आणि म्हणाल्या, "म्हणजे डिशच घे."