जात्यावर सांगितलेलं, कागदावर मांडायचं

परभणी, रविवार रात्र

काकीची गोष्ट लिहायला घेतल्यापासून जनाबाई पुन्हा वाचतेय. तिचे अभंग शाळेत पाठ होते, पण तेव्हा ती आपल्याच जिल्ह्यातली, गंगाखेडची, एवढाच अभिमान होता. आता वेगळं दिसतं. या बाईला सासर नाही, माहेर सुटलेलं, घर दुसऱ्याचं, कामही दुसऱ्याचं. मग तिनं आपलं गणगोत स्वतःच जमवलं. विठोबा तिच्यासंगं दळतो, शेण्या वेचतो, तिची वेणीफणी करतो. ती त्याला माय म्हणते, लेकुरवाळा म्हणते, आणि रागावली की 'विठ्या' म्हणून शिव्याही घालते. घरातल्या माणसावर रागवावं तशी.

आणि शेवटी सही करते. नामयाची दासी जनी. दासी आहे, दुसऱ्याच्या नावाशी बांधलेली आहे, पण 'जनी' तिथं आहेच. 'दळिता कांडिता तुज गाईन अनंता' म्हणताना तिनं लिहिण्याची जागाही सांगून टाकली. तिच्या आधी महदंबेनं श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचे धवळे रचले, तेही तेराव्या शतकात. एकीनं लग्नघरातलं गाणं घेतलं, दुसरीनं दळणाचं. मराठीत बायकांच्या कवितेची सुरुवात सांगायची तर या दोन जागा सांगाव्या लागतात, आणि दोन्ही घराच्या आत आहेत.

दुपारी आत्याकडं गेले होते. तिच्या ओव्या लिहून घ्यायच्या होत्या. वही उघडून बसले तर म्हणाली, "काय लिहायलीस माय? हात हालल्याशिवाय तोंडात येतच नाही." खरंच येईना. पहिल्या दोन-तीन ओव्या देवाच्या झाल्या आणि ती अडली. मग मांडवातल्या जात्यावरची पोती मी बाजूला केली, पसाभर ज्वारी आणली. खुंट्याला हात लागला आणि पुढं तासभर थांबायचं नाव नाही. विठोबा, राम, मग आई-बाप, मग भाऊ. भावाच्या तर किती! भावाची बैलगाडी, भावाचा पटका, भाऊ आला म्हणून केलेली पुरणाची पोळी. नवऱ्याचं नाव कुठंच नाही, त्याला 'हौशा' किंवा 'कंथ' म्हणायचं. सासूचा जाच आहे, पण सासू कोण ते नाही.

आणि मग काकीची ओवी आली. काकी म्हणजे तिची भावजय. एकही नाव न घेता आत्यानं सांगितलं की भावाच्या वाड्यातली मैना उडाली नाही, तिला उडवून लावली, आणि पिलं मागं राहिली. मी हातातली ज्वारी तशीच धरून बसले. आमच्या घरात एवढ्या वर्षांत कुणी न बोललेली गोष्ट ही बाई तेव्हा भल्या पहाटे, सगळ्यांच्या कानावर जाईल अशी गात असायची. आजोबा ढाळजेत, म्हणजे दाराजवळच्या ओसरीत, झोपलेले असायचे, काका माळवदावर, मातीच्या धाब्यावर. ऐकत असणारच. कुणी तिला गप्प केलं नाही, कारण ओवीत कुणाचं नाव नव्हतं.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्राच्या हजारावर गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यात बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांच्या ओव्या आहेत. जातं तेच, चाल तीच, आणि त्यात बाबासाहेब आहेत, भीमराया म्हणून, घरातल्या माणसासारखे. जी जागा इतर बायका देवाला आणि भावाला देतात ती या बायकांनी त्यांना दिली. नात्याची चौकट तीच ठेवून त्यात आपली अख्खी ओळख आणून बसवणं ही मला फार मोठी वाङ्मयीन गोष्ट वाटते. आयुष्यभर बायकांच्या लोकसाहित्याचा अभ्यास करणाऱ्या तारा भवाळकर २०२५ मध्ये दिल्लीच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या, तेव्हा आत्यासारख्या बायकांचं गाणं त्या मंचावर पोचलं असंच मला वाटलं होतं.

मंगळवार

एका मासिकाच्या संपादकांचं पत्र आलं. गोष्ट आवडली. पात्रांच्या तोंडी बोली चालेल, निवेदन मात्र प्रमाण मराठीत करून पाठवा म्हणतात. दिवसभर तेच डोक्यात आहे.

काकीची गोष्ट सांगणारी मी, तिच्याच वाड्यात वाढलेली. आमच्याकडं कोरड्यास शिजतं, बळदात ज्वारी असते, काकी 'करायली', 'जायली' असते. निवेदनात तीच काकी 'करत होती' झाली की ती परगावची कुणी बाई वाटते. बहिणाबाई चौधरींची गाणी १९५२ साली पुस्तकात आली ती त्यांच्या खानदेशी बोलीतच आली. त्यांना अक्षरओळख नव्हती, मुलानं लिहून ठेवली. त्यांच्या बोलीला कुणी कोपऱ्यात बसवलं नाही आणि सगळा महाराष्ट्र ती गाणी म्हणतो. माझ्या परभणीच्या बोलीलाही तेवढी जागा हवी.

यात आणखी एक गोष्ट आहे, मराठवाड्यापुरती. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. कचेरी उर्दूत, वरचं शिक्षण उर्दूत. हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली सुरू झालं तेही उर्दू माध्यमाचं. आजोबा उर्दू लिहायचे, शेताचे जुने कागद अजून उर्दूत आहेत आणि घरात ते वाचणारं कुणी उरलं नाही. आजीला कुठलीच लिपी येत नव्हती. तिच्याकडं फक्त मराठी होती, बोलायची आणि गायची. दरबारात जागा नसलेली भाषा कीर्तनात टिकली, बाजारात टिकली, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त चुलीजवळ आणि जात्याजवळ टिकली. म्हणून मराठवाड्यातली बाई लिहायला बसते तेव्हा घर हा तिचा 'मर्यादित अनुभव' आहे असं कुणी म्हटलं की मला राग येतो. इथं घरानंच भाषा सांभाळली.

उर्दू परकी होती असंही नाही. शेजारच्या खालाजान आणि आजी कापूस वेचताना एकमेकींशी जे बोलायच्या त्यात दोन्ही भाषा मिसळलेल्या असत. विजापूरच्या सूफींच्या परंपरेत दखनी उर्दूत चक्कीनामे रचले गेले, बायकांनी दळताना म्हणायचे. त्यात जातं फिरतं आणि अल्लाचं नाव येतं. आपल्याकडं विठोबाचं येतं. दख्खनच्या बायकांची ही सामाईक मिळकत आहे. तिच्यावर कुणीतरी नीट बसून लिहायला पाहिजे.

संपादकांना कळवलं, निवेदन बदलणार नाही. नम्रपणे, पण कारणं देऊन.

शुक्रवार

मोठा प्रश्न भाषेचा नाहीच. तो घरचा आहे.

आत्यानं ओवीत नाव घेतलं नाही. मी काकीचं नाव बदललं, गाव बदललं, तरी छापलेल्या गोष्टीवर माझं नाव असणार, आणि नात्यातलं प्रत्येक माणूस तिसऱ्या ओळीला ओळखणार. ओवीला आडोसा होता. ती एकटीची नव्हती, दुसरीनं उचलायची, तिसरीनं त्यात भर घालायची, मग ती कुणाची म्हणून पकडणार? कथा माझी एकटीची आहे.

फलटणच्या दलित लेखिका बेबीताई कांबळे कितीतरी वर्षं आपलं लिखाण घरच्यांपासून लपवून ठेवत होत्या. १९८६ साली ते पुस्तक झालं. त्यांना समाजाबद्दलही लिहायचं होतं आणि घरातल्या मारझोडीबद्दलही, आणि त्यांनी दोन्ही लिहिलं. आपल्या माणसांवर जीव असूनही त्यांनी केलेलं लिहिता येतं, हे मी त्यांच्याकडून शिकले. अनुराधा पाटलांच्या कवितेतून दुसरं शिकले, आवाज न चढवता किती सांगता येतं ते. २०१९ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला तेव्हा आमच्या कॉलेजातल्या मुलींना मी त्यांच्या कविता वर्गात वाचून दाखवल्या होत्या. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, ही आमच्या घरातली बाई आहे." तिची आई ऊसतोडीला जाते, वर्षातले पाच-सहा महिने कोपीत, फडाजवळच्या झोपडीत. त्या कोपीत जातं नाही, मांडव नाही, ओवी उचलायला शेजारीण असली तरी दोघींना उसंत नाही. त्या मुलीनं लिहावं म्हणून मी मागं लागले आहे. ती लिहील ते माझ्याहून फार वेगळं असेल.

काकीबद्दल अडतं ते तिच्या मुलीपाशी. माझी चुलत बहीण. तिला लहानपणापासून सांगितलं गेलं की आई सोडून गेली. खरं असं की दुसरीही मुलगीच झाली म्हणून काकीला माहेरी पोचवलं आणि परत आणलंच नाही. ही गोष्ट छापून आल्यावर बहिणीनं ती परक्या वाचकांबरोबर वाचावी, हे मला सहन होत नाही, गोष्ट कितीही चांगली झाली तरी.

आईला फोन केला. मला वाटलं ती नको म्हणेल. ती बराच वेळ बोलली नाही, मग म्हणाली, "लिही. पण आधी तिला सांग. तिच्या मायची गोष्ट आहे, पहिली तिच्या कानावर जाऊ दे." आणि मला माहीत नसलेली एक गोष्ट सांगितली. काकी दर येळवसेला, म्हणजे शेतात जेवायच्या वेळ अमावास्येच्या सणाला, आंबिलीचं मडकं आणि भज्जी घेऊन आमच्या शेताच्या बांधापर्यंत यायची, मुली दिसाव्यात म्हणून. तिला आत कुणी बोलावलं नाही. आई एकदा धाकटीला घेऊन बांधावर गेली होती. आजोबांना ते कळलं, आणि पुढच्या वर्षीपासून येळवस दुसऱ्या शेतात व्हायला लागली.

हे गोष्टीत यायलाच हवं. शेवट त्यामुळं बदलेल.

नावाचं ठरलं. माझं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या लेकरांच्या सरकारी कागदांत आईचं नाव असंच लागतं. मी त्याच्या कितीतरी आधी जन्मले, पण गोष्टीवर काय लावायचं ते माझ्या हातात आहे.

रविवारी सेलूला जायचं, बहिणीकडं. गोष्टीची प्रत नेणार नाही. आधी तोंडी सांगणार, येळवसेपासून. तिनं हो म्हटलं तर पुढच्या खेपेला वाचून दाखवीन, आणि तिला जे नको असेल त्यावर दोघी बसून बोलू. नाही म्हटलं तर गोष्ट वहीतच राहील. संपादकांनाही तेच कळवीन.