सासवडची झेरॉक्स

आईला सासवडला न्यायचं गेली चार वर्षं नुसतं घाटत होतं. पुण्याहून जेमतेम तीस किलोमीटर. कोथरूडहून खराडीला नोकरीला जाणारे लोक जाऊन-येऊन रोज तेवढं करतात. पण जवळचं गाव नेहमी राहूनच जातं. शेवटी मार्चमधल्या एका मंगळवारी रजा टाकली. गाडी दारात उभी असताना आईला एसटीच हवी होती. "गाडीत तू एसी लावणार. घाटात वारा लागायला नको?"

हडपसर, फुरसुंगी, वडकी, आणि मग दिवे घाट. खाली मस्तानी तलाव दिसला तशी आई खिडकीच्या गजाला धरून वाकली. तिच्या लहानपणी म्हणे निम्म्या घाटात इंजिन तापायचं, ड्रायव्हर उतरून पाणी ओतायचा आणि तेवढ्यात बायका शेंगा खाऊन घ्यायच्या. वारीत ज्ञानोबांचा रथ हा घाट चढतो तेव्हा जादा बैलजोड्या लावतात. आमच्या एसटीलाही लावाव्या लागणार असं दोन वळणं वाटत होतं. वर विठ्ठलाची भलीमोठी मूर्ती दिसली. आईने हात जोडले आणि लगेच म्हणाली, "हा नव्हता माझ्या वेळी."

सासवडकराला रस्ता विचारा, पाच मिनिटांत तो आचार्य अत्र्यांवर येतो, कारण त्यांचं जन्मगाव कोडीत इथून जवळच. त्यातून उरलात तर पेशव्यांवर. आणि तिथे आपण पुणेकर गप्प बसलेलं बरं. बाळाजी विश्वनाथ 1720 साली वारले ते सासवडला, त्यांची समाधीही इथलीच. बाजीरावांनी बस्तान पुण्याला हलवलं, 1730 च्या जानेवारीत शनिवारवाड्याचा पाया घातला आणि आपण तेव्हापासून छाती काढून हिंडतोय. सासवड सोडून पुण्याला बिऱ्हाड हलवायची रीत ही अशी जुनी. माझे आजोबा 1968 साली त्याच वाटेने आले. ट्रकमध्ये दोन पलंग, पाटा-वरवंटा आणि पंधरा वर्षांची आई.

लहानपणची ठिकाणं मोठेपणी लहान दिसतात म्हणतात. संगमेश्वराच्या पायऱ्या मात्र आईला वाढलेल्या वाटल्या. गुडघे! चौथ्या पायरीवर बसली ती बसलीच. समोर कऱ्हा आणि चांबळीचा संगम, म्हणजे मार्चमध्ये असतं तेवढं पाणी. "इथून सूर मारायचे मुलगे," ती म्हणाली. कोण मुलगे, ते विचारलं तर ऐकू न आल्यासारखं केलं.

आजोळच्या घराच्या जागी तीन मजली इमारत आहे हे आम्हाला ठाऊक होतं. खाली झेरॉक्सचं दुकान. मी म्हटलं, लांबूनच बघू. तर आई सरळ आत. काउंटरवरच्या मुलाने "काय काढायचंय, आजी?" विचारलं आणि तिला काहीतरी काढणं भाग पडलं. पर्समधून आधार कार्ड निघालं.

"एकच बाजू?"

"दोन्ही काढ बाळा. सावकाश काढ."

मशीनचा हिरवा उजेड इकडून तिकडे गेला. आई कार्डाकडे बघतच नव्हती. नजरेने भिंती मोजत होती. मग हळूच मला म्हणाली, "हे मशीन आहे ना, तिथे आपली चूल. आणि तो उभा आहे तिथे मांजर निजायचं." मुलाने पाच रुपये घेतले. तिने दहाची नोट दिली आणि सुटे पाच होईपर्यंत, म्हणजे चांगली तीन-चार मिनिटं, माहेरी उभी राहिली.

परतताना स्टँडबाहेर अंजिरं. मिठा बहार नुकता सुरू झाला होता, पाटीत पानं अंथरून त्यावर एकेक फळ निगुतीने मांडलेलं. पुरंदरच्या अंजिराला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे विकणाऱ्या बाईंना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं आणि भावात तसं कळतही होतं. पुरंदरात होऊ घातलेला विमानतळ आल्यावर बागांचं काय, म्हणून विचारलं, तर त्या म्हणाल्या, "घ्या की ताई आत्ता, आहेत तवर." पिकल्या अंजिराची साल किंचित सुरकुतते, बुडाच्या डोळ्याशी मधाचा थेंब येतो. दाबून बघायचं नसतं. मी दाबलंच, तर ते बोटांतच फुटलं. ते वजनात धरलं गेलं.

घाट उतरताना आई झोपली. विठ्ठलही राहिला आणि तलावही.

दुसऱ्या दिवशी फ्रीज उघडला, तर स्टीलच्या डब्यात अंजिरं आणि त्यांच्याखाली घडी घालून ठेवलेली झेरॉक्स. एका अंजिराचा रस नेमका पत्त्यावर सांडला होता, 'कोथरूड' एवढंच चिकट आणि तपकिरी झालं होतं. मी कागद काढायला गेले, तर आतून आवाज आला, "राहू दे गं, मी मुद्दाम ठेवलाय."